साक्षीने न लिहिलेला निबंध

कॉलेजात लेखन कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण सुरू झालं, त्या पहिल्याच शनिवारी अक्षदा शेलार सगळ्यांच्या नजरेत आली, आणि तेही नको त्या कारणाने. मुंबईतल्या विद्यापीठाच्या मराठी विभागाने नवा नियम काढला होता. पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकाने वर्षभर एखाद्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना लेखन शिकवायचं. तिथला एक अनुभवी प्राध्यापक मार्गदर्शक असणार. अधूनमधून शनिवारी विभागात येऊन काय शिकवलं ते सांगायचं आणि वर्षाअखेरीस विभागाची माणसं येऊन तास बघणार. मार्गदर्शकाचा शेरा चांगला आला नाही, तर प्रबंध पुढे सरकणार नाही.

त्या शनिवारी समन्वयक सरांनी पडद्यावर एक तक्ता लावला. वर मथळा होता, ‘ग्रामीण विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुका’. खाली शब्द होते: नाय, हाय, कवा, तवा, आलता, गेलता. सर एकेक शब्द सावकाश वाचत होते आणि खोलीत हलकं हसू पसरत होतं. अक्षदाने हात वर केला.

“सर, ही माझ्या घरची भाषा आहे. ती चूक कशी?”

“घरात चूक नाही. पेपरात चूक.”

“मग तक्त्यावर तसंच लिहा ना सर. पेपरात चालत नाहीत असे शब्द. ‘चुका’ म्हटलं की पोरं घरी जाऊन आईच्या चुका काढायला लागतात.”

हसू थांबलं. शेजारी बसलेला हर्षद तिच्याच तुकडीतला, माणगावकडचा, स्वभावाने गोड आणि भांडणाला घाबरणारा. त्याने तिच्या वहीच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘पहिलाच दिवस आहे, बाई.’ अक्षदाने त्याखाली लिहिलं, ‘म्हणूनच.’

हा ताठा काही विद्यापीठात आल्यावर चढलेला नव्हता. अक्षदा कुडपणची. पोलादपूरहून घाट चढून वर गेलं की जे पठार लागतं, तिथली. आई आवडी वरी-नाचणीची शेती बघायची, वडील किशोर मुंबईत एका सोसायटीत लिफ्टवर होते आणि गणपती-शिमग्याला घरी यायचे. शाळेपासून अक्षदाला लिहायची खोड. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला ‘माझ्या गावातील उत्सव’ असा निबंध आला, तेव्हा तिने शिमग्याच्या पालखीवर लिहिलं. म्हणजे पालखीवर नाही, पालखी आधी कुणाच्या अंगणात नाचवायची यावरून दोन भावकींत जुंपलेल्या भांडणावर. चांगले चार पाठपोट कागद. कुणीतरी वाचावं आणि खो खो हसावं, एवढीच तिची इच्छा होती. कागद परत आले ते लाल गोलांनी भरून, आणि शेवटी दोनच शब्द: ‘भाषा सुधारा.’ भांडण मजेशीर वाटलं की कंटाळवाणं, शेवटी पालखी कुठे गेली, याबद्दल अवाक्षर नाही. वाचणाऱ्याने वाचलंच नव्हतं, नुसतं तपासलं होतं. तो राग तिच्या मनात असा काही बसला, की पुढे पीएच.डी.ला विषय निवडायची वेळ आली तेव्हा तिने तोच उचलला: कॉलेजातल्या मुलांना लिहायला शिकवतात म्हणजे नेमकं काय करतात?

प्रशिक्षणासाठी तिच्या वाट्याला आलं महाडचं एक कॉलेज. चवदार तळ्यामागच्या गल्लीत तिने खोली घेतली. मार्गदर्शक म्हणून मिळाले डॉ. भरत महाडिक. साठीला टेकलेले, पांढरा हाफ शर्ट, खणखणीत आवाज. गावात त्यांना मान होता. कुणाच्या सत्काराचं मानपत्र लिहायचं असो की मंदिराच्या जीर्णोद्धाराची पत्रिका, लोक त्यांच्याकडेच येत. त्यांनी अक्षदाला आपली पद्धत पहिल्याच दिवशी सांगून टाकली.

“मी आदर्श निबंध सांगतो, मुलं उतरवून घेतात. पाठ करतात. चांगलं वाक्य दहा वेळा लिहिलं की अकराव्या वेळी ते आपलं होतं. तुम्ही एवढंच करायचं, चुका काढायच्या.”

अक्षदाने पहिला महिना तसं केलं. वर्गाला ‘पर्यावरण’ विषय दिला आणि गठ्ठा घेऊन बसली. निम्म्या कागदांची सुरुवात ‘पर्यावरण संवर्धन ही काळाची गरज आहे’ अशी होती आणि उरलेल्या निम्म्यांची ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ अशी. ही पोरं बिरवाडी, वरंध, विन्हेरे, रायगडवाडी अशा गावांतून येणारी. कुणाचं घर नदीला लागून, कुणाचं एमआयडीसीच्या भिंतीला. एमआयडीसीच्या शेजारी राहणाऱ्या पोरानेसुद्धा वासाचा एक शब्द लिहिला नव्हता! तिने गठ्ठा एकही लाल खूण न करता परत दिला.

“हे मी वाचलंय,” ती म्हणाली. “तुमच्या आधी कुणीतरी लिहिलेलं. आता तुमचं द्या.”

वर्गाला कळेना. तेव्हा तिने नवं काम दिलं. “समजा मी वीर स्टेशनला गाडीतून उतरले. मला तुमच्या घरी यायचंय. फोन बंद आहे. तुमच्या कागदाच्या जोरावर मला दारात पोचवा.”

दुसऱ्या दिवशी सार्थक नावाच्या पोराने लिहून आणलं, ‘वीरला उतरा, रिक्षात बसा आणि कुणालाही माझं नाव विचारा.’ वर्गात हशा पिकला. पण त्या एका ओळीवर तास रंगला. रिक्षावाला तुला ओळखतो का? कुठल्या चौकात सोडणार? परक्या माणसाला तुमच्या गावात आधी काय दिसतं? ‘तिथून उजवीकडे’ म्हणजे कुणाच्या उजवीकडे? पोरं एकमेकांचे कागद ओढून वाचायला लागली, चुकायला लागली, भांडायला लागली. ‘वाचणारा’ नावाचा कुणी माणूस असतो आणि त्याला डोंगरात एकटं सोडून चालत नाही, हे त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा कळलं. कुणी घरचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं तर अक्षदा ते राहू द्यायची. नोकरीचा अर्ज असेल तर तेच वाक्य प्रमाण भाषेत करून घ्यायची. दोन्ही यायला पाहिजे, आणि कुठे कुठलं काढायचं ते स्वतःला ठरवता यायला पाहिजे, असं तिचं म्हणणं.

त्या कागदांत एक कागद साक्षीचा होता. खिडकीजवळच्या बाकावर बसणारी, कमी बोलणारी मुलगी. तिने लिहिलं होतं, ‘पहिल्या घरात विचारू नका. ते काका मुद्दाम चुकीची वाट सांगतात आणि लोक परत आले की चहा पाजतात. त्यांना गप्पा मारायला माणूस हवं असतं.’ अक्षदा एकटीच खोलीत बसून मोठ्याने हसली.

पुढच्या कामाला साक्षीने विषय निवडला तो टेम्पोचा. तिचे वडील छोटा टेम्पो चालवायचे आणि रविवारी एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर तिला शिकवायचे. पहिल्या खेपेला तिने लिहिलं, ‘खूप मजा आली.’ अक्षदाने समासात विचारलं, ‘मजा आली म्हणजे काय झालं?’ दुसऱ्या खेपेला क्लच सोडताना बसलेला धक्का आला, वडिलांनी डॅशबोर्डवरच्या गणपतीला धरलेला हात आला. तिसऱ्या खेपेला अक्षदा म्हणाली, “मी कधी टेम्पोत बसलेले नाही असं समज,” आणि मग साक्षीने गिअर बदलताना पायाला काय कळतं आणि हाताला काय कळतं, असं काही लिहून आणलं की वर्गातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. तीन वेळा लिहून घेणं ही शिक्षा नसते, हे अक्षदाला मग वर्गाला पटवून सांगावं लागलं नाही.

महाडिक सरांना हे सगळं पोरखेळ वाटे. पण त्यांनी अडवलं नव्हतं. अडचण आली ती हिवाळ्यात, विभागाची माणसं तास बघायला येणार असं कळल्यावर. सरांच्या कानावर कुणीतरी घातलं, की साक्षीच्या मामाचं घर तळीयेला होतं. महाडला पूर आला त्याच जुलैत त्या गावावर दरड कोसळली, तीत तिची मामी गेली, मामेबहीण गेली. सर तडक अक्षदाकडे आले. त्यांचे डोळे चमकत होते.

“अहो, वर्गात सोनं पडलंय आणि तुम्ही टेम्पो काय चालवताय! त्या मुलीकडून दरडीवर लिहून घ्या. विभागाच्या लोकांसमोर वाचू दे. सगळे हेलावून जातील.”

“मी विचारते तिला, सर. तिला लिहायचं असेल तर.”

“विचारायचं काय त्यात? लेखन दुःखातूनच येतं. मला सांगू नका. त्या वर्षी माझं घर पाण्यात होतं, तळमजला सगळा. आयुष्यभराची पुस्तकं लगदा होऊन घमेल्याने बाहेर काढली मी.”

ते खरं होतं. महाडमध्ये त्या जुलैची आठवण नाही असं घर नव्हतं. कॉलेजच्या जिन्याच्या भिंतीवरसुद्धा पाण्याची रेघ रंगाखालून पुन्हा पुन्हा उमटायची. अक्षदाचा आवाज आपोआप खाली आला.

“मग तुम्ही त्यावर लिहिलंत, सर?”

“माझा प्रश्न नाही इथे,” सर म्हणाले आणि निघून गेले.

अक्षदाने साक्षीला विचारलं. साक्षी म्हणाली, “नको मॅडम.” अक्षदाने तेवढंच उत्तर सरांना कळवलं. विषय संपला असं तिला वाटलं.

आठवडाभराने साक्षी जिन्याच्या वळणावर तिची वाट बघत उभी होती. हातात टाइप केलेले दोन कागद. वर मथळा: ‘दरडीखाली हरवलेले माझे आजोळ’. खाली साक्षीचं पूर्ण नाव.

“सरांनी दिलंय. पाठ करायला सांगितलंय. पाहुणे येतील तेव्हा बघून नाही, तोंडपाठ म्हणायचं.”

अक्षदाने वाचलं. आभाळ रडत होतं, डोंगराला पाझर फुटला होता, आणि एक कोवळी भाची चिखलात बसून हंबरडा फोडत होती. वाक्यं गुळगुळीत, एकही शुद्धलेखनाची चूक नाही.

“यात मी रडलेय,” साक्षी म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. “मी त्या दिवशी रडले नव्हते, मॅडम. घरी फोन आला, सगळी मोठी माणसं धावत गेली आणि मी भांडी घासत बसले. घासलेलीच परत घासत होते. तिकडे मला नेलंच नाही कुणी. आणि माझ्या मामीचं नाव प्रयागबाई होतं. यात ‘माई मामी’ लिहिलंय.”

“तुला हे वाचायचंय?”

“इंटर्नलचे मार्क सरांकडे असतात.”

“ते मी नाही विचारलं. तुला वाचायचंय का?”

“नाय.” वर्गात ती कधी असं बोलत नसे. इथे तो शब्द थेट घरून आला.

“मग वाचायचं नाही. कागद मला दे.”

तोंडातून हे गेलं खरं, पण खोलीवर येईपर्यंत अक्षदाला त्याची किंमत कळायला लागली. सरांचा शेरा म्हणजे तिच्या प्रबंधाचा दरवाजा. तिने हर्षदला फोन लावला. तो रोह्याच्या कॉलेजात होता आणि तिथल्या मॅडमच्या शब्दाबाहेर न जाता सुखाने नांदत होता.

“एका तासाचा तर प्रश्न आहे,” हर्षद म्हणाला. “ती मुलगी वाचेल, ते टाळ्या वाजवतील, तू मोकळी. नंतर तुला हवं तसं शिकव की आयुष्यभर.”

“आणि ती काय शिकेल?”

“अक्षदा, सगळं काही आपल्यावर घ्यायचं नसतं.”

“मी तिला लिहायला शिकवते, हर्षद. एवढे महिने सांगतेय, तुझं वाक्य तुझं असू दे. आता पाहुणे आले म्हणून तिच्या तोंडात दुसऱ्याचं रडणं कोंबू?”

हर्षद म्हणाला, “तू ऐकणार नाहीस, माहिती होतं.” ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी तिने ते कागद सरांच्या टेबलावर ठेवले.

“साक्षी हे वाचणार नाही, सर. वर्गाने तासाचं ठरवलंय. सार्थक त्याचा कच्चा मजकूर वाचेल आणि मुलं त्यावर बोलतील.”

“कच्चा? पाहुण्यांसमोर?”

“कच्चाच बघायला यायला हवं त्यांनी. पक्का तर छापूनही मिळतो.”

सरांचा चेहरा लाल झाला. “मी या कॉलेजात लेखन शिकवायला लागलो तेव्हा तुम्ही पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जात होतात. माझ्या वर्गात काय वाचायचं हे मी ठरवेन.”

“वर्ग तुमचा असेल, सर. मामी तिची आहे.”

तासाच्या दिवशी विभागातून समन्वयक सर आणि डॉ. सेजल पारकर नावाच्या प्राध्यापिका आल्या. मागच्या बाकावर त्या दोघांच्या मध्ये महाडिक सर बसले. सार्थकने वाचायला सुरुवात केली. विषय होता त्याच्या आज्याने वाडीतल्या गणपतीच्या बैठकीत माइक न सोडता केलेलं भाषण. मजकूर खरोखरच कच्चा होता, आजा मध्येच गायब व्हायचा. मुलींनी विचारलं, “बैठक कुठे चाललीय? लोक किती? कुणी त्यांना खाली बसवलं नाही?” सार्थक डोकं खाजवत उत्तरं देत होता आणि अक्षदा फळ्यावर फक्त प्रश्न लिहीत होती. पारकर मॅडम पुढे झुकून ऐकत होत्या.

तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला. “हे ठीक. आता साक्षी, तुझा निबंध म्हण.”

वर्ग मागे वळला. साक्षी उभी राहिली. बाकाची कड तिने दोन्ही हातांनी धरली होती.

“बस, साक्षी,” अक्षदा म्हणाली. “सर, तो निबंध आज नाहीये.”

“मॅडम, मी विद्यार्थिनीशी बोलतोय. साक्षी, दरडीचा निबंध. सुरू कर.”

दरड हा शब्द वर्गात पडला आणि सगळ्या मुलांनी खाली बघितलं. त्यांना माहीत होतं. त्यांनी कधी तिला विचारलं नव्हतं. अक्षदा फळ्यापासून चालत मधल्या वाटेने मागे आली आणि साक्षी व मागचा बाक यांच्या मध्ये उभी राहिली.

“तो निबंध साक्षीने लिहिलेला नाही,” ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण शेवटच्या भिंतीपर्यंत जाईल अशा आवाजात. “लेखनाच्या तासाला मुलीच्या नावावर दुसऱ्याचा मजकूर म्हणून घेणं मला जमणार नाही. आणि तिने काय आठवायचं, कधी आठवायचं, कुणासमोर आठवायचं, हे या खोलीत तिच्याखेरीज कुणी ठरवणार नाही. तुम्ही नाही, मीही नाही.”

साक्षी अजून उभीच होती. ती महाडिक सरांकडे बघून म्हणाली, “सर, माझं आज काही नाहीये.” आणि बसली. मग अक्षदा फळ्याकडे परत गेली. तिचा खडू मोडला होता, तिने दुसरा घेतला. “सार्थक, आजोबांच्या हातातून माइक शेवटी कुणी काढला?” तास पुढे चालू राहिला.

महाडिक सरांचा शेरा आला. सूचनांचे पालन करीत नाही, वरिष्ठांचा अवमान, कार्यक्षमता असमाधानकारक. उन्हाळ्यात विभागाने तिला बोलावलं. टेबलाच्या पलीकडे विभागप्रमुख, समन्वयक आणि पारकर मॅडम. प्रमुखांनी समजुतीच्या सुरात एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. एवढ्यावर सही केली तर शेरा बदलून घेऊ, वर्ष वाया जाणार नाही.

अक्षदाने कागद वाचला. ‘माझ्या वर्तनामुळे गैरसमज निर्माण झाला व मान्यवरांच्या भावना दुखावल्या गेल्या, त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.’

तिने पर्समधून पेन काढलं. प्रमुखांनी सुस्कारा सोडला. पण अक्षदाने सही केली नाही, तिने एका शब्दाखाली रेघ मारली.

“‘वर्तनामुळे’ म्हणजे कुठल्या, सर? मी काय केलं ते यात लिहिलेलंच नाही. मुलीला खोटं बोलू दिलं नाही, असं लिहा, मग माझं वर्तन कळेल. ‘गैरसमज निर्माण झाला.’ कुणाचा? काय समज होता, काय गैर होता? ‘दुखावल्या गेल्या.’ कुणी दुखावल्या? आणि ‘व्यक्त करण्यात येत आहे’ म्हणजे दिलगिरी व्यक्त करतंय कोण? या वाक्यात माणूसच नाही. पहिल्या वर्षाच्या पोराने असं लिहिलं असतं तर मी परत दिलं असतं.”

समन्वयक सर उसळले. “तुम्ही इथे शिकायला आला आहात!”

“हो, सर. लेखन शिकवायला शिकायला. म्हणून तर यावर सही करता येत नाही.”

पारकर मॅडम खिडकीकडे बघत होत्या. त्या हसल्या की काय, हे अक्षदाला कळलं नाही. एवढं मात्र झालं, की तिला काढून टाकायचा विषय निघाला तेव्हा त्यांनी तो हाणून पाडला. प्रशिक्षणाचं वर्ष रद्द. पुन्हा पहिल्यापासून, दुसऱ्या कॉलेजात. प्रबंध वर्षभर थांबेल. अक्षदाने मान डोलावली आणि बाहेर येऊन पायरीवर बसली. रडू आलं ते तिथे. कोणी बघत नव्हतं आणि ते रडणं तिचं स्वतःचं होतं.

कुडपणला आई भयंकर चिडली.

“येक सही करायची व्हती गो! लोक कशाकशाला सह्या करत्यात. तुझा बापूस वीस वर्षं लिफ्टमधी उभा हाय, त्याला कोण काय बोलला नसंल? तो बोलला का उलट?”

“बाबा बोलले नाय म्हणून मी शिकले ना आई?”

“शिकलीस ती भांडाया?”

“भांडायापण.”

आवडीने भाकरी तव्यावर अशी आपटली की पीठ उडालं. दोन दिवस ती अक्षदाशी नीट बोलली नाही. तिचं म्हणणं तिने कधी मागे घेतलं नाही. आजही कुणी विषय काढला तर ‘आमची बया येडी, येक वर्स घालवलान’ असंच सांगते. फरक इतकाच, की सांगताना आजूबाजूला ऐकायला माणसं आहेत ना, हे आधी बघून घेते.

दुसरं वर्ष अक्षदाने दुसऱ्या कॉलेजात काढलं, या वेळी मार्गदर्शक म्हणून खुद्द पारकर मॅडम. मॅडमही सोप्या नव्हत्या. प्रत्येक तासाला मागे बसायच्या आणि नंतर तासभर वाद घालायच्या: प्रश्न फार विचारतेस, मुलांना थोडं गप्प बसू दे, बोलीचा एवढा अभिमान, पण अर्ज लिहायला शिकवताना घाई का करतेस? अक्षदा कधी ऐकायची, कधी अडून बसायची. तिच्या शेऱ्यात मॅडमनी लिहिलं, ‘वाद घालते. उत्तम शिकवते.’ प्रबंधही झाला. आता ती पोलादपूरला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, आणि विभाग नव्या तुकडीच्या प्रशिक्षणाला वर्षातून दोन शनिवार तिला बोलावतो. हर्षद नोकरीत कायम झाला. तो अजूनही फोन करतो, विशेषतः वर्गात काही बिनसलं की.

साक्षीचे इंटर्नलचे मार्क महाडिक सरांनी कापले नाहीत. जेवढे पडायचे तेवढे दिले. हे अक्षदा विचारलं नसतानाही सांगते, कारण ते खरं आहे. साक्षी पदवीधर झाली, वडिलांचा टेम्पो चालवते आणि मालाच्या ऑर्डरी घेणारे तिचे मेसेज इतके रेखीव असतात की गिऱ्हाईकं चिडवतात. तळीयेवर तिने लिहिलं नाही. लिहील की नाही, हे अक्षदाला ठाऊक नाही आणि तिने ते कधी विचारलेलंही नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर महाडच्या एसटी स्टँडवर महाडिक सर भेटले. निवृत्त झालेले, काठी हातात. अक्षदा वाकून नमस्कार करायला गेली, तर त्यांनी काठी आडवी धरली.

“राहू दे. ऐकतो मी, तुम्ही आता प्रशिक्षण देता. माझं नाव घेता का त्यात?”

“नाव नाही घेत, सर. काय झालं ते सांगते.”

“माझी बाजू सांगता?”

“सांगते. तुमचं घर पाण्यात गेलं होतं, पुस्तकं गेली होती, तेही सांगते. तुम्हाला मनापासून वाटत होतं, तेही.”

सरांनी तिच्याकडे रोखून बघितलं. “आणि मग?”

“मग सांगते, की तरीही तुम्ही चुकला होतात.”

पोलादपूरची गाडी फलाटाला लागली होती, कंडक्टर दार आपटून हाका मारत होता. अक्षदाने पुन्हा नमस्कार केला, या वेळी उभ्यानेच, हात जोडून. मग गर्दीतून वाट काढत ती गाडीत चढली. तिला अकराचा तास होता.